एसीएल तुटल्यावर: खेळाडूंच्या गुडघ्यावरील शस्त्रक्रियेबद्दल संशोधन काय सांगते

उडी मारून चेंडू झेललेली खेळाडू खाली येते, तिचा एक पाय जमिनीला टेकतो आणि पुढच्या साधारण ४० मिलिसेकंदांत तिच्या गुडघ्यातला एक अस्थिबंध तुटतो. ओस्लो येथील क्रीडा-दुखापत संशोधन केंद्राच्या अभ्यासकांनी महिलांच्या हँडबॉल आणि बास्केटबॉल सामन्यांतील अशा १० दुखापतींच्या चित्रफिती बारकाईने तपासून हा हिशेब मांडला आणि २०१० मध्ये तो प्रसिद्ध झाला. पाय टेकताना गुडघा थोडासाच वाकलेला होता. पापणी लवायच्या आत तो सुमारे १२ अंशांनी आतल्या बाजूला झुकला, नडगी ८ अंशांनी आत फिरली आणि जमिनीकडून पायावर येणारा जोर शरीराच्या वजनाच्या तिपटीपेक्षा अधिक झाला. चूक लक्षात येऊन शरीर सावरायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या कितीतरी आधी सगळे घडून गेलेले असते. म्हणूनच ‘जरा जपून खेळायला हवे होते’ हे खेळाडूला नंतर ऐकवले जाणारे वाक्य निरर्थक आहे.

हा अस्थिबंध, म्हणजे लिगामेंट, डॉक्टरांच्या आणि आता खेळाडूंच्याही बोलण्यात ‘एसीएल’ या नावाने ओळखला जातो. गुडघ्याच्या मध्यभागी दोन अस्थिबंध एकमेकांना फुलीसारखे छेदून जातात आणि त्यांपैकी पुढचा तो एसीएल. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकापासून नडगीच्या हाडाच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत तो तिरका जातो. त्याची लांबी सरासरी ३ सेंटिमीटरच्या आसपास असते आणि जाडी करंगळीएवढीही नसते. तरीही तरुण माणसाचा निरोगी एसीएल तुटायला २,००० न्यूटनपेक्षा जास्त, म्हणजे दोनशे किलोहून अधिक वजनाएवढा ताण लागतो, असे प्रयोगशाळेतल्या मोजमापांत आढळले आहे. त्याची कामे दोन आहेत. नडगीचे हाड पुढे सरकू न देणे हे पहिले, आणि पाय रोवून शरीर वळवताना नडगीला अवाजवी फिरू न देणे हे दुसरे. सरळ चालायला किंवा सरळ रेषेत धावायला त्याची फारशी गरज पडत नाही. गरज पडते ती अचानक थांबताना, दिशा बदलताना आणि उडीनंतर खाली येताना. फुटबॉल, बास्केटबॉल, हँडबॉल, बॅडमिंटन, कुस्ती आणि आपल्याकडची कबड्डी व खो-खो हे खेळ नेमके याच हालचालींवर उभे आहेत. या दुखापतींपैकी सुमारे ७० टक्के वेळा समोरच्याचा धक्का गुडघ्याला लागलेलाच नसतो.

दुखापतीच्या क्षणी बहुतेकांना गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज झाल्याचे जाणवते आणि काही तासांत गुडघा टम्म फुगतो. ही सूज साधी नसते. सांध्याच्या आत रक्त साचलेले असते आणि इतक्या लवकर आलेल्या सुजेमागे बऱ्याचदा एसीएलच असतो. पुढे काय होते ते नीट लक्षात घ्यायला हवे, कारण आपल्याकडे फसगत होते ती याच टप्प्यावर. दोन-तीन आठवड्यांत सूज उतरते, वेदना कमी होतात, माणूस जिने चढू लागतो आणि ‘लचक होती, बरी झाली’ असा घरच्यांचा व प्रशिक्षकांचा समज होतो. खेळाडू मैदानावर उतरतो, पाय रोवून वळतो आणि गुडघा निसटतो. अशा प्रत्येक निसटण्यात आतल्या मेनिस्कसला, म्हणजे दोन हाडांमधल्या अर्धचंद्राकृती गादीला, इजा होण्याचा धोका असतो आणि ती गादी फाटली की गुडघ्याचे भविष्य खऱ्या अर्थाने बिघडते. दुखापतीनंतरच्या पहिल्या काही दिवसांत गुडघा चोळून घेण्यापेक्षा तो जाणत्या हातांनी तपासून घेणे कितीतरी महत्त्वाचे असते. या तपासणीला यंत्र लागत नाही. रुग्णाला उताणे झोपवून गुडघा २० ते ३० अंशांत वाकवायचा, एका हाताने मांडी घट्ट धरायची, दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढायची आणि ती किती सरकते व शेवटी ठामपणे अडते की नाही हे बोटांना जाणून घ्यायचे. अमेरिकेतील फिलाडेल्फियाचे अस्थिरोगतज्ज्ञ जॉन लॅकमन यांच्या नावाने ओळखली जाणारी ही चाचणी १९७६ पासून प्रचलित आहे आणि आजही निदानाचा पाया तीच आहे. एमआरआय निदानाला दुजोरा देतो आणि गादी, कूर्चा यांची अवस्था दाखवतो.

येथे एक प्रश्न साहजिकच पडतो. गुडघ्याच्या आतल्या कडेचा अस्थिबंध फाटला तर तो बहुतेक वेळा पट्टा बांधून आणि व्यायाम करून आपोआप जुळतो, मग त्याच सांध्यातला एसीएल का जुळत नाही? बोस्टनच्या बालरुग्णालयातील शल्यविशारद मार्था मरे यांनी या एका प्रश्नासाठी अनेक वर्षे दिली. शरीरातली कोणतीही जखम भरताना आधी तिथे रक्ताची गुठळी होते, गुठळीच्या जाळ्यात पेशी शिरतात आणि हळूहळू नवे ऊतक तयार होते. एसीएल मात्र सांध्याच्या पोकळीत, वंगणासारख्या द्रवात असतो. तुटलेल्या टोकांतून रक्त येते, पण त्या द्रवातली विकरे गुठळी टिकू देत नाहीत. दोन टोकांमध्ये काही धरतच नाही आणि ती मोकळीच राहतात.

हे जीवशास्त्र कळण्याच्या कितीतरी आधी शल्यविशारदांनी अनुभवाने धडा घेतला होता. इंग्लंडमधील लीड्स येथे मेयो रॉबसन यांनी १८९५ मध्ये एका खाणकामगाराच्या गुडघ्यातील तुटलेले अस्थिबंध टाके घालून शिवले होते. विसाव्या शतकातही बराच काळ टाके घालून दुरुस्ती करण्याची पद्धत चालू होती. अमेरिकेच्या वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीतील छात्रांवर झालेल्या अशा शस्त्रक्रियांचा पाच वर्षांनंतरचा आढावा १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा सुरुवातीला छान वाटलेले बरेच गुडघे पुन्हा अस्थिर झाल्याचे दिसले. तेव्हापासून शिवण्याचा मार्ग मागे पडला आणि तुटलेल्या अस्थिबंधाच्या जागी नवा बसवण्याचा, म्हणजे पुनर्रचनेचा मार्ग रूढ झाला. पुनर्रचनेची कल्पनाही जुनीच होती. ब्रिस्टलचे अर्नेस्ट हे ग्रोव्हज यांनी ती १९१७ मध्ये करून दाखवली होती. १९८० च्या दशकात कार्बन तंतूंचे आणि इतर कृत्रिम पदार्थांचे अस्थिबंध बसवून पाहण्यात आले. ते झिजले, तुटले आणि त्यांच्या कणांनी सांध्याला सूज आणली. त्यामुळे आज जगभर रुग्णाच्याच शरीरातली कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट पट्टा (टेंडन), वापरण्याकडे कल आहे.

ही कंडरा तीन ठिकाणांहून घेता येते. गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेची मधली पट्टी दोन्ही टोकांच्या हाडाच्या तुकड्यांसह घेता येते, मांडीमागच्या स्नायूंच्या कंडरा घेता येतात किंवा वाटीच्या वर मांडीच्या पुढच्या स्नायूची जी कंडरा असते तिचा भाग घेता येतो. मांडीमागची कंडरा घेताना शल्यविशारद गुडघ्याच्या खाली आतल्या बाजूला सुमारे तीन सेंटिमीटरचा छेद देतात, कंडरेचे टोक शोधून त्याला धाग्याने पकडतात आणि टोकाला गोल कडे असलेले एक लांब अवजार तिच्यावरून मांडीच्या दिशेने सरकवत नेतात. पांढरीशुभ्र, चकचकीत, वीतभराहून लांब कंडरा बाहेर येते. बाजूच्या टेबलावर तिला चिकटलेले स्नायूचे तंतू खरवडून काढतात, तिची दुहेरी किंवा चौपदरी घडी घालतात, टोके शिवतात, ती ताणून ठेवतात आणि मग छिद्रांच्या मोजपट्टीतून ओढून तिची जाडी पाहतात. ८ मिलिमीटरपेक्षा बारीक कलम, म्हणजे एसीएलच्या जागी बसवायची अशी तयार केलेली कंडरा, तरुण खेळाडूंमध्ये जास्त वेळा तुटते, असे आढळल्यामुळे या मोजणीला फार महत्त्व आहे. त्यानंतर दुर्बिणीतून पाहत मांडीच्या व नडगीच्या हाडांत मूळ एसीएलच्याच जागी बोगदे पाडतात, कलम त्यांतून ओवतात आणि धातूच्या छोट्या बटणाने किंवा स्क्रूने पक्के करतात. मृत दात्याकडून मिळालेली कंडराही वापरता येते, परंतु विशीच्या आतबाहेरच्या खेळाडूंमध्ये ती तुटण्याचे प्रमाण स्पष्टपणे जास्त असल्याने त्यांच्यासाठी ती टाळली जाते. स्वतःच्या कंडरेच्या तीन प्रकारांपैकी सर्वश्रेष्ठ कोणता, याचे एकच एक उत्तर नाही. वाटीखालची कंडरा घट्ट बसते, पण नंतर गुडघे टेकून बसताना दुखू शकते. मांडीमागची घेतली तर तिथली ताकद काहीशी कमी होते, आणि कुस्तीगीर किंवा वेगाने धावणारा खेळाडू असेल तर याचा विचार आधीच करावा लागतो.

बसवलेले कलम म्हणजे लगेच तयार झालेला एसीएल नव्हे, ही गोष्ट खेळाडूला आणि त्याच्या पालकांना सर्वांत नीट समजावून सांगायला हवी. शरीरातून कापून काढल्यामुळे त्या कंडरेचा रक्तपुरवठा तुटलेला असतो आणि तिच्यातल्या मूळ पेशी मरतात. काकडीच्या वेलासाठी मांडव उभारावा तसे ते कलम सुरुवातीला काम करते: आजूबाजूच्या ऊतकांतून नव्या रक्तवाहिन्या आणि पेशी त्यावर चढतात, जुने तंतू मोडून नवे विणतात आणि महिनोन्‌महिने हे काम सुरू राहते. या उलथापालथीत पहिल्या काही आठवड्यांनंतर कलम बसवले त्या दिवसापेक्षाही कमकुवत झालेले असते. आणि अडचण अशी की नेमक्या याच काळात सूज ओसरलेली असते, टाके निघालेले असतात आणि खेळाडूला आपला गुडघा बरा झाला असे वाटू लागते.

कलम टिकण्याच्या बाबतीत गेल्या काही वर्षांतला एक महत्त्वाचा प्रयोग कॅनडाच्या नेतृत्वाखाली झाला आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १४ ते २५ वयाच्या, पुन्हा दुखापत होण्याचा धोका जास्त असलेल्या ६१८ जणांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटले. एका गटात मांडीमागच्या कंडरेने नेहमीची पुनर्रचना केली, दुसऱ्यात त्याच्या जोडीला गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला मांडीवरील जाड पट्ट्याची एक चिंधी घेऊन तिचा आधार दिला. दोन वर्षांत पहिल्या गटात ११ टक्के कलमे तुटली, दुसऱ्यात ४ टक्के. नडगीचे फिरणे बाहेरून आवरले तर आतल्या कलमावरचा ताण कमी होतो, हा यामागचा विचार आहे. हा बाहेरचा आधार ही कल्पना काही नवी नव्हती. अनेक दशकांपूर्वी ती वापरात होती आणि मागे पडली होती. जुनी पद्धत नव्या काटेकोर चाचणीतून सिद्ध होऊन परत येते, हे वैद्यकशास्त्रात मला नेहमीच आश्वासक वाटते.

आता सर्वांत अवघड प्रश्नाकडे येऊ. एसीएल तुटला म्हणजे शस्त्रक्रिया करायलाच हवी का? स्वीडनमधील लुंड येथे रिचर्ड फ्रोबेल आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग २०१० मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याने या प्रश्नाची चर्चा बदलली. नुकतीच दुखापत झालेल्या, खेळणाऱ्या पण व्यावसायिक नसलेल्या १२१ तरुणांपैकी ६२ जणांवर लवकर शस्त्रक्रिया करून पुनर्वसनाचे व्यायाम दिले. उरलेल्या ५९ जणांना आधी फक्त व्यायाम दिले आणि गुडघा अस्थिरच राहिला तर नंतर शस्त्रक्रियेची मुभा ठेवली. दोन वर्षांनी वेदना, लक्षणे, खेळातील क्षमता आणि जीवनमान यांबाबत दोन्ही गट जवळजवळ सारखेच निघाले. व्यायामाच्या गटातील २३ जणांनी तोवर शस्त्रक्रिया करून घेतली होती, पाच वर्षांनी ही संख्या ३० झाली. म्हणजे सुमारे निम्म्यांना ती लागली आणि निम्म्यांना लागली नाही. या आकड्यांचा वापर दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीने होतो. ‘शस्त्रक्रिया अनावश्यक’ म्हणणारे उरलेल्या निम्म्यांकडे बोट दाखवतात, ‘शेवटी करावीच लागते’ म्हणणारे पहिल्या निम्म्यांकडे. माझ्या मते या प्रयोगाचा खरा अर्थ असा की, दुसऱ्याच दिवशी शस्त्रक्रियेची तारीख ठरवण्याची घाई नसते आणि काही आठवड्यांचे मनापासून केलेले व्यायाम कोणत्याही वाटेने गेले तरी वाया जात नाहीत. नेदरलँड्समधील १६७ जणांवरच्या प्रयोगातही व्यायामाने सुरुवात केलेल्यांपैकी निम्म्यांनी पुढे शस्त्रक्रिया करून घेतली.

याची दुसरी बाजू ब्रिटनमधील ३१६ रुग्णांच्या प्रयोगाने २०२२ मध्ये समोर आणली. या लोकांची दुखापत ताजी नव्हती आणि गुडघा अस्थिर असल्याची लक्षणे त्यांच्यात टिकून होती. त्यांच्यात मात्र शस्त्रक्रियेच्या गटाची प्रकृती व्यायामाच्या गटापेक्षा चांगली राहिली. दोन्ही प्रयोगांत विरोध नाही. ताज्या दुखापतीत थांबून पाहणे शहाणपणाचे ठरू शकते, पण महिने उलटूनही गुडघा निसटतच असेल तर थांबत राहण्यात गादी गमावण्याचा धोका आहे. शिवाय वारंवार पाय रोवून वळण्याच्या खेळात वरच्या पातळीवर परतायचे आहे, सोबत दुरुस्त होण्याजोगी गादी फाटली आहे किंवा एकापेक्षा जास्त अस्थिबंध तुटले आहेत, अशा वेळी बहुतेक तज्ज्ञ पुनर्रचनेकडेच झुकतात.

एका समजुतीला येथे स्पष्टपणे नकार द्यायला हवा. शस्त्रक्रिया केली म्हणजे पुढे संधिवात होणार नाही, याला पुरावा नाही. एसीएल किंवा गादीची दुखापत झालेल्यांपैकी साधारण निम्म्या लोकांमध्ये १० ते २० वर्षांनी गुडघ्याच्या झिजेची चिन्हे दिसतात आणि पुनर्रचना झालेले गुडघेही त्यातून सुटत नाहीत. विशीत जखमी झालेल्या खेळाडूला चाळिशीच्या आत म्हाताऱ्या माणसाचा गुडघा मिळू शकतो, हे वाक्य कठोर असले तरी सल्ला देताना ते टाळू नये.

एसीएल कधीच जुळत नाही, या जुन्या विधानालाही अलीकडे धक्का बसला आहे. स्वीडनच्या त्याच प्रयोगातील एमआरआय नव्याने तपासले गेले, तेव्हा केवळ व्यायामावर राहिलेल्यांपैकी सुमारे निम्म्यांत दोन वर्षांनी अस्थिबंध पुन्हा सलग झाल्याची चिन्हे दिसली. ऑस्ट्रेलियातील मर्व्ह व टॉम क्रॉस यांनी याला पूरक अशी पद्धत मांडली: दुखापतीनंतर लवकरात लवकर गुडघा ९० अंशांत वाकवून चार आठवडे पट्ट्यात ठेवायचा, म्हणजे तुटलेली टोके जवळ येतात, आणि पुढे हळूहळू मोकळीक देत १२ आठवड्यांनी पट्टा काढायचा. पहिल्या ८० रुग्णांपैकी ९० टक्के जणांच्या एमआरआयमध्ये तीन महिन्यांनी जुळण्याची चिन्हे आढळली, असे त्यांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केले. हे निष्कर्ष उत्साहवर्धक आहेत, तरी त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि चित्रात सलग दिसणारा अस्थिबंध ताकदीने मूळच्याएवढा असतोच असे नाही. काहींचा तो पुन्हा तुटलाही. मार्था मरे यांचा मार्ग निराळा आहे. गाईच्या ऊतकापासून काढलेल्या कोलॅजनचा एक स्पंज तुटलेल्या टोकांमध्ये बसवून त्यात रुग्णाचेच रक्त सोडायचे, म्हणजे जी गुठळी सांध्यात टिकत नाही ती स्पंजात टिकते आणि एसीएल स्वतःच जुळू लागतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०२० मध्ये या उपचाराला परवानगी दिली. १०० जणांवरच्या प्रयोगात दोन वर्षांनंतरचे निकाल नेहमीच्या पुनर्रचनेच्या तोडीचे आले आणि मांडीमागची ताकद अधिक चांगली राहिली, कारण तिथून काही कापून घ्यावे लागत नाही. मात्र पुन्हा फाटण्याचे प्रमाण स्पंजाच्या गटात १४ टक्के तर कलमाच्या गटात ६ टक्के होते. रुग्णसंख्या लहान असल्याने या फरकावरून ठाम निष्कर्ष निघत नाही, पण वर्षभरात मैदानावर उतरू पाहणाऱ्या खेळाडूने तो नजरेआडही करू नये.

शस्त्रक्रिया तास-दीड तासाची असते. निकाल ठरतो तो पुढच्या नऊ-दहा महिन्यांत, आणि आपल्याकडे पैसा, लक्ष आणि काळजी यांचा सगळा भार पहिल्या तास-दीड तासावर पडतो याचे मला मनापासून वाईट वाटते. चांगला शल्यविशारद शोधण्यासाठी कुटुंब पुण्या-मुंबईला येते, कर्ज काढते, आणि गावी परतल्यावर फिजिओथेरपी महिन्याभरात थांबते, कारण जवळपास सोय नसते किंवा गुडघा दुखत नसल्याने ती अनावश्यक वाटते. वास्तविक पहिल्या दिवसापासून दोन गोष्टींसाठी झटावे लागते. गुडघा पूर्ण सरळ व्हायला हवा, त्यासाठी टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघ्याची मागची बाजू अंथरुणाला टेकेपर्यंत खाली सोडण्याचा साधा, पण कंटाळवाणा व्यायाम दिवसातून अनेकदा करावा लागतो. दुसरी गोष्ट म्हणजे मांडीचा पुढचा स्नायू. सुजलेल्या सांध्याकडून येणाऱ्या संदेशांमुळे मज्जासंस्था हा स्नायू जणू बंद करून टाकते, काही आठवड्यांत मांडी डोळ्यांना दिसेल इतकी बारीक होते, आणि नुसत्या चालण्या-फिरण्याने ती भरून येत नाही. त्यासाठी वाढत्या वजनाचे व्यायाम महिनोन्‌महिने करावे लागतात.

किती महिने, याचे उत्तर नॉर्वेच्या ओस्लो आणि अमेरिकेच्या डेलावेअर येथील १०६ खेळाडूंच्या पाहणीने २०१६ मध्ये दिले. शस्त्रक्रियेनंतर नवव्या महिन्यापर्यंत खेळात परतणे जितके लांबवले, तितकी प्रत्येक महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याची शक्यता सुमारे निम्म्याने घटली. नऊ महिन्यांनंतर आणखी थांबण्याचा तसा फायदा दिसला नाही. त्याच पाहणीत ताकद आणि एका पायावरच्या उड्यांच्या चाचण्यांत दुखरा पाय चांगल्या पायाच्या ९० टक्के तरी भरला पाहिजे, असे निकष लावले होते. ते पूर्ण न करता परतलेल्यांपैकी ३८ टक्के पुन्हा जखमी झाले, पूर्ण करून परतलेल्यांपैकी सुमारे ६ टक्केच. संख्या लहान असली तरी एवढा मोठा फरक दुर्लक्षिण्याजोगा नाही.

कुस्तीगीर विनेश फोगाट यांचे उदाहरण येथे अनेकांना आठवेल. १३ ऑगस्ट २०२३ रोजी सरावात त्यांच्या डाव्या गुडघ्याला दुखापत झाली, १७ ऑगस्टला मुंबईत शस्त्रक्रिया झाली आणि हांगचौच्या आशियाई स्पर्धेला त्या मुकल्या. एप्रिल २०२४ मध्ये, म्हणजे साधारण आठ महिन्यांनी, त्यांनी बिश्केक येथे ऑलिम्पिकचा कोटा मिळवला आणि ६ ऑगस्टला पॅरिसमध्ये जपानच्या युई सुसाकी यांना हरवून अंतिम फेरीपर्यंत मजल मारली. दुसऱ्या दिवशी वजनामुळे त्या बाद झाल्या, त्याचा गुडघ्याशी संबंध नव्हता. त्यांची जिद्द असामान्य आहे. परंतु अशा एका उदाहरणावरून सतरा वर्षांच्या खेळाडूसाठी वेळापत्रक आखणे धोक्याचे आहे. चोवीस तास तज्ज्ञांच्या देखरेखीत असलेल्या ऑलिम्पिक खेळाडूचे आठ महिने आणि आठवड्यातून एकदा फिजिओथेरपीला जाणाऱ्या मुलाचे आठ महिने सारखे नसतात. शिवाय वय जितके कमी, तितका धोका अधिक. अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या हिशेबानुसार पुनर्रचनेनंतर खेळात परतलेल्या २५ वर्षांखालील खेळाडूंपैकी जवळपास चौथा हिस्सा पुन्हा एसीएल गमावतो, मग तो त्याच गुडघ्यातला असो वा दुसऱ्या. याच स्वरूपाच्या दुसऱ्या हिशेबात शस्त्रक्रियेनंतर ८१ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या खेळात परतले, पण दुखापतीपूर्वीच्या पातळीवर ६५ टक्के आणि स्पर्धात्मक खेळात केवळ ५५ टक्केच पोहोचले. न परतलेल्यांपैकी अनेकांचा गुडघा तपासणीत ठीक असतो. त्यांना भीती वाटत असते, आणि ती भीती मोजण्याच्या प्रश्नावल्या आता पुनर्वसनाचा भाग झाल्या आहेत, हे योग्यच आहे.

स्त्रियांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र आहे. तोच खेळ तितकाच वेळ खेळला तर मुलींना एसीएलची दुखापत मुलांच्या दुप्पट ते तिप्पट होते. २०२३ च्या महिला विश्वचषक फुटबॉल स्पर्धेला इंग्लंडच्या लीह विल्यमसन व बेथ मीड आणि नेदरलँड्सच्या विव्हियाने मिडेमा याच कारणाने मुकल्या, तेव्हा जगाचे लक्ष याकडे गेले. कमरेची ठेवण, संप्रेरके, एसीएलचा आकार अशी शारीरिक कारणे वर्षानुवर्षे सांगितली जातात. पण मुलींना लहान वयात उडी मारून उतरायला आणि वजन उचलायला शिकवले जात नाही, त्यांच्या वाट्याला कमी दर्जाची मैदाने आणि पुरुषांच्या पायाच्या मापाने घडवलेले बूट येतात, याचाही विचार आता अभ्यासक करू लागले आहेत. माझ्या दृष्टीने ही दुसरी यादी जास्त महत्त्वाची आहे, कारण तिच्यातली प्रत्येक गोष्ट बदलता येते.

बदलता येते याचा पुरावा स्वीडनमध्ये मिळाला. तेथे १२ ते १७ वयाच्या ४,५६४ मुलींच्या फुटबॉल संघांपैकी काही संघांना सरावाआधी आठवड्यातून दोनदा १५ मिनिटांचे व्यायाम दिले: एका पायावर बसणे, दोन्ही पायांवर बैठका, पोट-कमरेची ताकद, आणि उडी मारून गुडघा पंजाच्या रेषेत ठेवून हलक्या पायाने उतरणे. कोणतेही साधन लागत नव्हते, प्रशिक्षकांनी ते एका बैठकीत शिकून घेतले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालांनुसार व्यायाम करणाऱ्या गटात एसीएलच्या दुखापती ६४ टक्क्यांनी कमी झाल्या. व्यायाम नेमाने करणाऱ्या मुलींची नावापुरते करणाऱ्यांशी तुलना केली, तेव्हा फरक ८८ टक्क्यांपर्यंत गेला. आपल्याकडे कबड्डीत चढाई करणारा खेळाडू मध्यरेषेकडे झेपावताना ज्या तऱ्हेने वळतो आणि खो-खोत खांबाशी दिशा बदलताना गुडघ्यावर जो पीळ येतो, त्याला हीच चौकट लागू पडते. जिल्हा पातळीवरच्या शिबिरात मैदानाला दोन फेऱ्या मारून होणाऱ्या सरावाच्या सुरुवातीत ही १५ मिनिटे बसवायला ना यंत्रे लागतात, ना निधी. उडीनंतर गुडघा आत झुकतो आहे की नाही हे समोर उभे राहून पाहणारा आणि प्रत्येक वेळी टोकणारा एक प्रशिक्षक मात्र लागतो.